देशाभिमान म्हणजे स्तुतिपाठ काय?

सन १९२६ च्या फेब्रुवारी महिन्यात डब्लिन शहरातील ॲबी नाट्यगृहात एका नाटकाचा प्रयोग प्रेक्षकांनीच उधळून लावण्याचा यत्न केला. काही जण रंगभूमीवर चढले, नटांशी झटापट झाली व शेवटी पोलीस बोलावावे लागले. नाटकाचे नाव ‘नांगर आणि तारे’. कर्ता शॉन ओकेसी. दंगा करणारे परकीय सत्तेचे हस्तक नव्हते. दहाच वर्षांपूर्वी, १९१६ च्या ईस्टर-उठावात, ज्यांचे आप्त प्राणास मुकले अशी मंडळी त्यांत होती. त्यांच्या दुःखापुढे आमचे मस्तक नम्र होते. तथापि ओकेसीने देशाचा अपमान केला, हा त्यांचा आरोप पुराव्यास उतरतो की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

आरोपी कोण? १८८० साली डब्लिनमधील एका गरीब प्रॉटेस्टंट कुटुंबात जन्मलेला मुलगा. सहा वर्षांचा असता बाप वारला. डोळ्यांच्या दुखण्यामुळे शाळा धड झाली नाही. पुढे सुमारे नऊ वर्षे त्याने रेल्वेवर मजुरी केली. गेलिक लीगमध्ये जाऊन तो आयरिश भाषा शिकला. १९१३ साली जिम लार्किनच्या मजूरसंघाला चिरडण्यासाठी मालकांनी टाळेबंदी पुकारली, तेव्हा तो मजुरांच्या बाजूस उभा होता. १९१४ मध्ये मजुरांच्या ‘सिटिझन आर्मी’चा तो चिटणीस झाला, मजुरांचा पक्ष नुसत्या राष्ट्रवादी स्वयंसेवकांच्या मागे फरफटत जाऊ नये, या मतापायी त्याच वर्षी त्याने ते पद सोडले. स्वदेशाविषयी ज्याला आस्था नाही, असा मनुष्य हा खास नव्हे.

आता गुन्हा पाहू. नाटकाच्या दुसऱ्या अंकात बाहेर सभेत वक्ता रक्तपाताचे गोडवे गात आहे. आत दारूच्या गुत्त्यात सैनिक राष्ट्रध्वज घेऊन येतात, आणि तेथेच एक वेश्या गिऱ्हाइकाची वाट पाहत आहे. याने ध्वज विटाळला, अशी ओरड झाली! आम्ही विचारतो, हे दारिद्र्य ओकेसीने निर्माण केले काय? उठावापूर्वीच झालेल्या सरकारी चौकशीत डब्लिनची २० हजारांवर कुटुंबे एकेका खोलीत राहतात, असे आढळले होते. त्याच खोल्यांतील माणसे त्याने रंगभूमीवर आणली. त्यांतली बेसी बर्जेस इंग्रजांची कैवारी व तोंडाची फाटकी. पण नवऱ्याच्या काळजीने वेडी झालेल्या नोराची रात्रंदिवस शुश्रूषा तीच करते, आणि तिला खिडकीपासून मागे ओढताना इंग्रज शिपायांच्याच गोळीने मरते. परक्या राज्याचे शल्य याहून तीव्र कोणी दाखविले आहे?

उठाववाल्यांच्या धैर्यास नाटकात पुरती जागा मिळाली नाही, असे कोणी म्हटल्यास ते आम्ही ऐकून घेऊ. तो टीकेचा विषय आहे, दंग्याचा नव्हे. त्या रात्री कवी येट्स यांनी रंगभूमीवरून प्रेक्षकांची कानउघाडणी केली; पण १९२८ साली त्यांच्याच नाट्यगृहाने ओकेसीचे पुढील नाटक नाकारले. १९५८ मध्ये, देश स्वतंत्र होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर, डब्लिनच्या आर्चबिशपांच्या नाराजीमुळे नाट्योत्सवात पेच पडला व ओकेसीने आपले नाटक काढून घेतले. १९६४ साली तो इंग्लंडात, टॉर्की गावी वारला. ज्या शहराने त्याला घडविले, त्यात त्याला मरण आले नाही, ही गोष्ट त्या शहरास भूषणावह नाही.

आमच्या व्यापारी वाचकांस हिशेब कळतो. जमेची बाजू तेवढी वाचून दाखविणारा मुनीम धन्यास गोड वाटतो, आणि एके दिवशी पेढी बुडते. ओकेसीने राष्ट्राच्या वहीतील नावेची बाजू मोठ्याने वाचली. त्याच्यावरील आरोप आमच्या मते नाशाबीत आहे. आणि उपाशी मनुष्याची साक्ष ऐकण्याचे धैर्य ज्या देशभक्तास नाही, त्याने प्रथम आपल्याच देशभक्तीची झडती घ्यावी.