संक्षेप असावा, संदिग्धता नसावी

आयुर्वेदीय लेखनात संक्षेपांवाचून चालत नाही. ‘चरकसंहिता, चिकित्सास्थान, अध्याय तिसरा’ असे प्रत्येक वेळी लिहू लागलो, तर तळटिपा लेखाहून मोठ्या होतील. तथापि संक्षेप वाचकाच्या सोयीसाठी असतो, याचा लेखक, अक्षरजुळणी करणारे आणि आम्ही मुद्रिते तपासणारे या सर्वांनाच विसर पडत चालला आहे की काय, अशी शंका येते.

मध्यंतरी एका लेखाच्या मुद्रितात बचनागयुक्त रसकल्पापुढे ‘मा. १’ एवढेच आढळले. हस्तलिखितात ‘मा. १ र.’, म्हणजे ‘मात्रा एक रत्ती’ असे होते. कोष्टकाचा रकाना अरुंद असल्याने शेवटचा ‘र.’ गळला आणि उरलेला मजकूर ‘एक माषा’ असा वाचता येऊ लागला. आठ रत्तींचा एक माषा. म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅमच्या जागी एक ग्रॅम! चूक वेळीच ध्यानात आली. न येती तर काय झाले असते, हे वैद्यवर्गास सांगावयास नको.

संदर्भांची स्थितीही फारशी निराळी नाही. ‘शा.’ म्हणजे शारीरस्थान की शार्ङ्गधर? ‘अ.’ म्हणजे अध्याय की अष्टांग? ‘सु.’ आणि ‘सू.’ यांत केवळ ऱ्हस्वदीर्घाचे अंतर. उकार चुकला की सूत्रस्थानाचा सुश्रुत होतो. ग्रंथनाम गाळून नुसते ‘चि. २’ छापले, तर चरकाचा अभ्यासक वाजीकरणाकडे जाईल आणि सुश्रुताचा सद्योव्रणाकडे. जुन्या ग्रंथांतील ‘च॰ सू॰’ यातील लाघवचिन्हासाठी संगणकावर स्वतंत्र खूण उपलब्ध आहे. तरीही पुष्कळदा तेथे शून्य टंकले जाते आणि ते शेजारच्या अध्यायांकात मिसळून जाते.

थोडक्यात सांगणे तो उद्देश आणि विस्ताराने सांगणे तो निर्देश. सुश्रुतोक्त बत्तीस तंत्रयुक्तींत दोहोंनाही स्थान आहे. ज्या उद्देशाचा निर्देश कोठेच नाही, तो वाचकाने उलगडावा कसा?

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. मात्रा आणि परिमाणे यांचा संक्षेप मुळीच करू नये. रत्ती, माषा, मिलिग्रॅम हे शब्द पूर्ण लिहावेत, आणि अंक व परिमाण एकाच ओळीत राहतील अशी जुळणी करावी. ग्रंथनाम प्रथम पूर्ण देऊन त्यापुढे कंसात संक्षेप द्यावा. जे नाव लेखात एकदाच येते, त्याचा संक्षेप करूच नये. प्रत्येक अंकाच्या आरंभी मान्य संक्षेपांची सूची छापावी आणि लेखकांनी तीच पाळावी.

यासाठी जागा अधिक लागेल, हा आक्षेप मान्य आहे. परंतु आपले त्रैमासिक केवळ वाचले जात नाही. त्यातील योग दुसऱ्या दिवशी चिकित्सालयात वापरलेही जातात. तेथे रुग्णाच्या पुड्या बांधणाऱ्या हातांना ‘मा.’ म्हणजे काय, असा प्रश्न पडता कामा नये.