एका भुंगेऱ्याचे वर्णन

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी प्राणिशास्त्रातले शोधनिबंध वाचावेत, असे आम्ही म्हटले तर ते कोणी फारसे मनावर घेणार नाही. तरीही एक निबंध आम्ही सुचवतोच. तो २०१४ सालचा, स्टायलिआनोस खात्झिमानोलिस या कीटकशास्त्रज्ञाचा आहे, आणि त्यात एका भुंगेऱ्याचे वर्णन आहे.

हा भुंगेरा चार्ल्स डार्विनने १८३२ मध्ये अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका येथे पकडला. 'बीगल'वरचा तो तरुण तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता. नमुना इंग्लंडला पोचला आणि पुढची सुमारे १८० वर्षे निनावी पडून राहिला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडून खात्झिमानोलिस यांनी अभ्यासासाठी काही नमुने अमेरिकेत मागवले, त्यांत तो निघाला. याच जातीचा आणखी एक जुना नमुना बर्लिनच्या संग्रहालयात होता, तोही अर्जेंटिनातलाच. नव्या जातीचा शोध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य येते. इथे शोध लागला तो कपाटातल्या गोष्टीकडे कोणीतरी नीट पाहिले म्हणून. हस्तलिखितांच्या बाडांत आयुष्य घालवणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.

वृत्तपत्रांनी बातमी केली ती नावाची. 'डार्विनिलस सेडारिसी' यातला पहिला शब्द डार्विनवरून आला आणि दुसरा डेव्हिड सेडारिस या अमेरिकन विनोदी लेखकावरून. नमुने तयार करताना खात्झिमानोलिस त्याची ध्वनिपुस्तके ऐकत असत. गंमत आहे खरी, पण नावाने वर्णन होत नाही. स्लोव्हेनियातल्या गुहांत राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३०च्या दशकात हिटलरचे नाव चिकटले. नियमांमुळे ते अजूनही निघत नाही, आणि त्या बिचाऱ्या किड्याविषयी त्यातून काडीचाही बोध होत नाही.

खरे लेखन नावानंतर सुरू होते. प्राण्यांच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्यानुसार १९३० नंतर दिलेले नवे नाव ग्राह्य ठरायचे तर त्या जातीला इतरांपासून वेगळे करणारी लक्षणे शब्दांत मांडावी लागतात. शब्दांत, हे महत्त्वाचे. नुसते उत्तम छायाचित्र छापून भागत नाही. भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींची वर्णने आजवर झाली आहेत. त्या गर्दीत 'याला सहा पाय आहेत, पाठीवर टणक पंख आहेत' हे विधान शंभर टक्के खरे आणि पूर्णपणे निरुपयोगी आहे. डार्विनच्या भुंगेऱ्याबाबत भर आहे तो शृंगिकांवर, म्हणजे आपण ज्यांना मिशा म्हणतो त्यांवर: त्यांचे पेर करवतीसारखे दातेरी आहेत, आणि जवळच्या भाऊबंदांत तसे ते नाहीत. विशेषण तिथे शोभेसाठी येत नाही. शेजाऱ्यापासून वेगळे काढणे एवढेच त्याचे काम.

आता आपल्याकडे वळू. परवा आम्हीच काही वर्षांपूर्वी लिहिलेले एका कवितासंग्रहाचे परीक्षण हाती आले. कवीचे नाव बोटाने झाकून वाचले. 'तरल संवेदना', 'अंतर्मुख करणारी प्रतिमासृष्टी', 'समकालाचे सजग भान'. हे परीक्षण त्या वर्षी निघालेल्या कुठल्याही संग्रहाला चिकटवता आले असते. एकही शब्द खोटा नव्हता, आणि आम्हांला त्याचीच जास्त लाज वाटली. त्या कवीला आम्ही सहा पाय असल्याचे प्रमाणपत्र दिले होते.

कविता म्हणजे काही टाचणीला टोचलेला किडा नव्हे, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण वर्णनाने कविता मरते, ही भीती आम्हांला पटत नाही. तिला सर्वसामान्य करून टाकणारी स्तुती तिचे अधिक नुकसान करते. शिवाय संहितेतली एक बारीक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. सांगितलेली लक्षणे शेवटपर्यंत खरीच ठरली पाहिजेत, अशी तिची अट नाही. लेखकाने ती वेगळेपणाची म्हणून पुढे ठेवली पाहिजेत, इतकेच. पुढे कोणी तोच नमुना पुन्हा तपासून 'ही जाती निराळी नाहीच' असे दाखवू शकतो. मग ते नाव समानार्थी म्हणून नोंदले जाते, आणि शेजारी लेखकाचे नाव आणि साल राहते. चूक पुसली जात नाही. आमच्या त्या परीक्षणात चुकण्याची सोयच नव्हती.

यंदा आमच्या एम.ए.च्या वर्गाला आम्ही याच धर्तीवर एक काम दिले आहे. एकाच दशकातल्या दोन कवींची एकेक कविता घ्यायची आणि पहिलीविषयी असे एक वाक्य लिहायचे, जे दुसरीला लागू पडणार नाही. विशेषणांना बंदी नाही. पहिल्या आठवड्यात आलेल्या वह्यांपैकी बहुतेक आम्ही परत केल्या. त्यांच्याबरोबर आमचेही वाक्य होते, ते विद्यार्थ्यांनी परत केले.