निकेल बदललं, पण पुरावा टिकला का? कोल्ड फ्युजनचा वाद नेमका काय आहे?

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला होणारं अणुसंमीलन प्रयोगशाळेतल्या टेबलावर होऊ शकतं का? २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेच्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स यांनी ‘हो’ असं जाहीर केलं. पॅलेडियमची कांडी जड पाण्यात ठेवून वीज सोडली की जादा उष्णता मिळते, असा त्यांचा दावा होता. अनेक नामवंत प्रयोगशाळांना ती मिळाली नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मात्र त्याच वर्षी ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक, सापडल्याचं नोंदवलं.

तेव्हापासून समर्थकांचा भर उष्णतेइतकाच समस्थानिकांवरही आहे.

समस्थानिक का महत्त्वाचे?

एकाच मूलद्रव्याच्या अणूंमध्ये प्रोटॉन सारखे, पण न्यूट्रॉन कमी-जास्त असू शकतात. हे त्याचे समस्थानिक. निसर्गात त्यांचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं. उदाहरणार्थ, निकेल-६२ फक्त ३.६ टक्के असतं. रासायनिक क्रिया अणुकेंद्रकाला हात लावत नाही. त्यामुळे हे प्रमाण प्रयोगात एकदम पालटलं, तर अणुक्रिया झाली असा संशय येतो.

लुगानोत काय सापडलं?

२०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे आंद्रेया रॉसी यांच्या ‘ई-कॅट’ यंत्राची ३२ दिवस चाचणी झाली. इंधन होतं साधारण एक ग्रॅम पावडर. चाचणी घेणाऱ्या इटालियन आणि स्वीडिश संशोधकांच्या अहवालानुसार, उरलेल्या राखेतल्या निकेलमध्ये निकेल-६२ चं प्रमाण ९८ टक्क्यांहून जास्त होतं. लिथियमचंही प्रमाण पालटलं होतं.

आकडे थक्क करणारे होते. मग अडलं कुठे?

तीन अडचणी

पहिली : नमुना कुणाच्या हाती होता? यंत्रात पावडर भरताना आणि काढताना खुद्द रॉसी सहभागी होते, असं अहवालातच म्हटलंय. शुद्ध केलेलं निकेल-६२ बाजारात विकत मिळतं. म्हणजे अदलाबदल झालीच असं नाही, पण ती झाली नाही हे सिद्ध करता येत नाही.

दुसरी : मोजमाप. राखेतल्या लिथियम-६ चं प्रमाण एका पद्धतीने ९२ टक्के आलं, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५७ टक्के. तपासायला राख होती अगदी चिमूटभर.

तिसरी : किरणोत्सर्ग. इतकी अणुकेंद्रकं बदलली तर गॅमा किरण किंवा न्यूट्रॉन दिसायला हवेत. ते आढळले नाहीत.

पुढे रॉसी आणि ‘इंडस्ट्रियल हीट’ या कंपनीतला ८.९ कोटी डॉलरचा दावा कोर्टात गेला आणि २०१७ मध्ये तडजोडीने मिटला. यंत्र चालतं की नाही, याचा निकाल लागलाच नाही.

आता काय स्थिती?

गूगलच्या पैशातून झालेल्या अभ्यासात कोल्ड फ्युजनचा पुरावा मिळाला नाही, असं २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच संशोधनातून पुढे आलेल्या कॅनडातल्या गटाने पॅलेडियममधलं संमीलन सरासरी १५ टक्क्यांनी वाढवल्याचं दाखवलं. पण तिथे वेगवान आयनांचा मारा होता, म्हणजे हे कोल्ड फ्युजन नव्हे. शिवाय मिळालेल्या ऊर्जेपेक्षा खर्च झालेली ऊर्जा कितीतरी जास्त होती. तरीही हा निकाल गांभीर्याने घेतला गेला, कारण त्यात न्यूट्रॉन मोजलेले होते.

त्यामुळे ‘धातूच बदलला’ असा दावा समोर आला, की टक्केवारीच्या आधी एकच गोष्ट पाहायची : नमुना सीलबंद करून, संबंध नसलेल्या दोन प्रयोगशाळांनी प्रयोगाच्या आधी आणि नंतर तपासला का? लुगानोच्या आकड्यांना हाच आधार नव्हता.