चर्च कोणाचे? बांधणाऱ्यांचे की कागदाचे?

(द्वितीय वर्ष, कला)

श्रद्धेला कागद लागत नाही, असे आपण सहज बोलून जातो. मीही बोलत असे. परंतु कॅनडात गेलेल्या युक्रेनियन शेतकऱ्यांच्या चर्चचा इतिहास ग्रंथालयात बसून वाचला आणि माझे मत बदलले. श्रद्धेला कागद लागत नसेल. पण श्रद्धेने उभारलेल्या वास्तूला तो लागतो, आणि तो वाचू शकणारा माणूसही लागतो.

१८९१ ते १९१४ या काळात सुमारे १ लाख ७० हजार युक्रेनियन लोक कॅनडात गेले. बहुतेक सारे ऑस्ट्रियन साम्राज्यातील गॅलिशिया व बुकोविना या प्रांतांतले गरीब शेतकरी. वाटण्या होऊन होऊन त्यांच्या जमिनीचे तुकडे पडले होते. इकडे दहा डॉलर फी भरली की १६० एकर जमीन मिळे. अट एवढीच, की तिथे राहून ती कसायची. आजच्या अल्बर्टा प्रांतातील एडना-स्टार ही त्यांची पहिली मोठी वसाहत. कित्येकांनी पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या खोपटात काढला. स्वतःचे घर धड उभे नसताना ही माणसे चर्चसाठी लाकडे तोडू लागली!

चर्च झाले, पण पुरोहित कोठून आणायचा? गॅलिशियातले बहुतेक लोक ग्रीक कॅथलिक, म्हणजे पूजाविधी पूर्वेकडचा आणि निष्ठा रोमच्या पोपवर. त्यांचे पुरोहित मायदेशी बहुधा संसारी असत. उत्तर अमेरिकेत मात्र विवाहित पुरोहित चालणार नाहीत, असा रोमचा हुकूम होता. त्यामुळे येणारे थोडेच. १८९७ मध्ये फादर नेस्टर द्मित्रिव फिरतीवर येऊन गेले. त्याच वर्षी रशियन ऑर्थोडॉक्स धर्मप्रचारकही पोचले. काही कुटुंबे तिकडे वळली, काही जुन्या पंथाला धरून राहिली. आणि एकाच चर्चवर दोघांनी हक्क सांगितला.

विश्वस्तांच्या नावावर असलेली ती जमीन आणि इमारत नेमकी कोणत्या पंथासाठी, हा वाद कोर्टात गेला. तिथून कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात आणि शेवटी थेट लंडनला, प्रिव्ही कौन्सिलपुढे! लोकमान्य टिळकांना ताईमहाराज प्रकरणात १९१५ साली जिथे न्याय मिळाला, तीच ही प्रिव्ही कौन्सिल. स्टारच्या खटल्यात १९०७ मध्ये ऑर्थोडॉक्स पक्ष जिंकला. ओंडके दोन्हीकडच्या हातांनी वाहिले होते. आता एका बाजूला पुन्हा पहिल्यापासून चर्च बांधणे आले.

माझी एक मैत्रीण म्हणाली, "देव सगळीकडे आहे, मग इमारतीसाठी एवढे भांडायचे कशाला?" हे म्हणणे मला पटत नाही. परक्या मुलखात, परक्या भाषेत, शेजारी मैलभर दूर असताना ती इमारत हेच त्यांचे गाव होते. लग्न, बारसे, मृत्यू, सारे तिथेच. तिच्यासाठी ते भांडले याचे मला नवल वाटत नाही. वाईट एवढ्याचेच वाटते, की त्यांच्या भांडणाचा निवाडा त्यांना न समजणाऱ्या इंग्रजी भाषेत झाला.

पण ही गोष्ट इथेच संपत नाही. १९१६ साली सास्काटून शहरात पेट्रो मोहिला यांच्या नावाने एक संस्था निघाली. खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून काढलेले ते वसतिगृह. ग्रीक कॅथलिकांचे बिशप निकिता बुद्का यांचा आग्रह होता, की संस्थेची मालमत्ता चर्चच्या नावावर व्हावी. चालकांनी साफ नकार दिला. संस्था साऱ्या युक्रेनियनांची आहे, असे त्यांचे म्हणणे. हा वाद इतका विकोपाला गेला की १९१८ मध्ये सास्काटून येथे वेगळे युक्रेनियन ऑर्थोडॉक्स चर्च स्थापन झाले. प्रश्न तोच: मालकी कोणाच्या नावावर? फरक इतकाच, की या वेळी पुढे होऊन उत्तर देणाऱ्यांत शाळामास्तर होते, शिकलेली शेतकऱ्यांची पोरे होती. कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना कोणी वाचून दाखवावे लागले नाही.

बिशप चूक की चालक, हे मी ठरवणार नाही. फुटीचा आनंद मानावा असेही नाही. पण आपल्या कष्टाने उभारलेल्या गोष्टीविषयी आपण स्वतः बोलू शकणे, याला मी फार मोठी गोष्ट मानते.

त्याला कारण आहे. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिली. माझ्या आजोबांनी एकदा कोणत्याशा कागदावर अंगठा उठवला आणि विहिरीजवळचा अर्धा एकर गेला. त्यात काय लिहिले होते, ते त्यांना अखेरपर्यंत समजले नाही. तो कागद घरच्या पत्र्याच्या पेटीत अजून आहे. या दिवाळीच्या सुट्टीत तो मी वाचणार आहे.