घरचा कारागीर : दिव्यातले पाणी

गेल्या श्रावणातली गोष्ट. सौ. व मी ठाण्याहून तळवलीला परतत होतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तिन्हीसांजेची झिमझिम चालली होती. रबाळे मागे पडले आणि सौ. एकदम ओरडली, "अहो, माणूस!" मी करकचून ब्रेक लावला. काळी छत्री घेतलेले एक वृद्ध गृहस्थ गाडीपुढून सावकाश पलीकडे गेले. त्यांना काही कळलेही नाही. माझे मात्र हातपाय गार पडले.

घरी येऊन पाहतो तो उजव्या दिव्याच्या काचेला आतून दाट घाम आणि तळाशी चमचाभर पाणी! 'वीस वर्षांच्या गाडीला एवढे चालायचेच' म्हणून मी दोन महिने काणाडोळा केला होता.

वाचकहो, दिव्याची पेटी हवाबंद नसते, हे प्रथम ध्यानात घ्या. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते व मागच्या बारीक नळीतून बाहेर जाते. विझला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. ३० अंशांच्या घनमीटरभर हवेत फार तर ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत अवघी १७. उरलेली गार काचेवर बसते. आमच्याकडे तर खाडी जवळ, म्हणजे दमटपणाला तोटा नाही. तरी हिशेब करा : दिव्यात पाच लिटर हवा धरली, तर थेंब-दीड थेंबच पाणी सुटेल. म्हणून पातळ धुके असेल व दिवा लावल्यावर थोड्या वेळाने निवळत असेल, तर तो दोष नव्हे. पाणी साठले, तर ते बाहेरूनच शिरले असे समजावे.

आमचा चोर मागच्या बाजूस सापडला. बल्ब बदलताना रबरी टोपी तिरकी बसली होती व कडेला चिरलीही होती. तुमच्याकडे टोपी शाबूत असेल, तर काचेचा सांधा व तडा तपासा.

दिवा गार असताना वायर सोडवून तो बाहेर काढावा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. तेलकट डाग तापून बल्ब लवकर जातो. पाणी ओतून टाकून पेटी उन्हात ठेवावी. आम्ही कन्येचे केस वाळवण्याचे यंत्र मंद आचेवर, लांबून धरले. आतल्या चकचकीत आरशाला फडका मुळीच लावू नये, मुलामा निघतो. सांधा उघडा असेल, तर आम्लाचा वास न येणारे सिलिकोन भरून दिवसभर सुकू द्यावे. श्वासनळीतला चिखल काढावा, पण ती बुजवू नये, नाहीतर आतली ओल कोंडते. नवी टोपी बसवून वरून पाणी शिंपडून पाहावे. काच व आरसा एकसंध असलेल्या जुन्या 'सील्ड बीम' दिव्यात पाणी शिरले, तर तो बदलणेच बरे.

शेवटी गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोत सारख्या उंचीवर पडतात का, ते पाहावे.

सारे झाल्यावर सौ. म्हणाली, "इतके सोपे होते, तर दोन महिने का थांबलात?" उत्तर नव्हते. दिवाळीत दाराशी पणत्या लावण्यापूर्वी, मंडळी, एकदा गाडीच्या दिव्यांतही डोकावा. छत्रीवाले आजोबा कुणाच्याही वाटेत येतात.