आधी नाद, मग दुरुस्ती

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मनासारखा लागेना, की हात प्रथम ईक्वलायझरकडे जातो. खर्ज थोडा वाढवावा, वरची धार थोडी उतरवावी, म्हणजे सारे जुळेल अशी समजूत असते. या समजुतीत क्रम उलटा आहे, असे मला वाटते.

ईक्वलायझर असलेलेच कमीजास्त करतो. जे उमटलेच नाही, ते त्याला आणता येत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली, तर मूळ स्वरासोबतचे दुसरा, चौथा, सहावा हे अंशस्वर जवळजवळ उमटतच नाहीत. ब्रिजकडे सरकावे, तसा आवाज धारदार होतो. पिकअपचेही तसेच: गळ्याजवळचा गोलसर, ब्रिजजवळचा टोकदार. १९५४ची स्ट्रॅटोकास्टर तीन पिकअप आणि तीन जागांचा स्विच घेऊन आली. वादकांनी तो स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवून नवे आवाज शोधले. फेंडरने पाच जागांचा स्विच दिला तो १९७७ मध्ये.

ब्रायन मे प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने तार छेडतो. धातूची ती दातेरी कड स्वराच्या आरंभालाच खरखर देते. 'किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये स्पीकरचा कागद पात्याने चिरला. त्या विकृतीतून मूळ स्वरात नसलेले अंशस्वर जन्मतात. 'क्रीम'च्या काळातल्या एरिक क्लॅप्टनचा 'वुमन टोन' टोनचे बटण शून्यावर आणून निघाला. कोणी म्हणेल, ते बटणही आवाज गाळतेच. खरे आहे, पण ते अॅम्प्लिफायरच्या आधी गाळते, आणि चढ्या अॅम्प्लिफायरची विकृती उरलेल्या स्वरातून घडते. तेच गाळणे शेवटी केले, तर तो कंठासारखा आवाज मिळत नाही.

ध्वनिमुद्रणात बास आणि ड्रम्सना वाट करून द्यायला ईक्वलायझर लागतो, हे मान्यच. परंतु नवशिक्याच्या हाती तो पहिल्या दिवशी दिला, की आपल्या बोटांनी काय केले हे ऐकण्याची गरजच त्याला उरत नाही. तंबोऱ्याची जवारी लावणारा तार आणि घोडी यांमधला दोरा केसभर सरकवतो, थांबतो, ऐकतो. गिटारवादकालाही हे ऐकणे आधी यावे. व्हॉल्यूमचे बटण थोडे मागे घ्यावे, पिक बदलावा, हात दोन बोटे सरकवावा. एवढे करूनही काही खुपले, तर ईक्वलायझर आहेच.