रात्री नऊचा अलार्म

होस्टेलच्या आमच्या खोलीत रोज रात्री नऊला एक अलार्म वाजायचा. माझी रूममेट उठायची, व्हिटॅमिनची बाटली घेऊन बाहेर जायची आणि दोन मिनिटांत परत यायची. "काय गं, कुणाचा फोन?" म्हणून आम्ही तिला चिडवायचो. ती नुसती हसायची. ती गोळी एचआयव्हीची होती, हे तिनं मला दोन वर्षांनी सांगितलं. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तिनं सलग पाच दिवस गोळी घेतली नव्हती, हेही तेव्हाच कळलं. कारण एकच. कुणी बघितलं तर? (हे तिच्या परवानगीनं लिहितेय.)

आपल्याकडे सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात. पूर्वी मूठभर गोळ्या घ्याव्या लागायच्या. आता बहुतेकांना दिवसाला एकच घ्यावी लागते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. तीन का? तर विषाणू सतत रूप बदलतो. एका औषधातून निसटला तरी बाकीची दोन त्याला अडवतात. पण गोळ्या वारंवार चुकल्या की रक्तातलं औषध कमी पडतं आणि औषधाला दाद न देणारा विषाणू वाढायची संधी मिळते. मग उपचारच बदलावे लागू शकतात. उलट गोळी नियमित घेतली आणि व्हायरल लोड तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही.

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ झालीच असेल तर दोन एकदम घेऊ नका. ॲसिडिटीसाठी मेडिकलमधून आणलेलं अँटासिड किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्राविरचा परिणाम कमी करू शकतात. त्यांच्या वेळेत किती अंतर ठेवायचं, ते केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. टीबीची औषधं सुरू झाली तर लगेच सांगा, कारण डोस बदलावा लागतो. टेनोफोविरमुळे किडनीच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. बरं वाटतंय म्हणून स्वतःहून गोळी बंद करणं तर नकोच. शिकायला दुसऱ्या शहरात जाताय? मग नाव तिथल्या केंद्रात बदलून घेता येतं.

हे सगळं माझ्या मैत्रिणीला पाठ होतं. माहिती नव्हती म्हणून तिच्या गोळ्या चुकल्या नाहीत. त्या चुकल्या आमच्या नजरांमुळे, आमच्या जोक्समुळे. शिक्षण, नोकरी किंवा भाड्याच्या घरात एचआयव्हीमुळे भेदभाव करायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे. पण होस्टेलच्या खोलीत कायदा येऊन बसत नाही, तिथे आपणच असतो. त्यामुळे कुणाच्या बॅगेत गोळ्यांची बाटली दिसली तर "ही कशाची?" विचारू नका. कुणी विश्वासानं सांगितलंच, तर ते आपल्यापाशीच ठेवा. ग्रुपवर तर मुळीच नको. एकत्र जेवल्यानं, एकच बाथरूम वापरल्यानं एचआयव्ही होत नाही, हे आपण दहावीत पाठ केलंय. आता तसं वागूया.

स्वतःसाठी काही विचारायचं असेल, तर १०९७ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे.

आमच्याकडे अलार्म अजून नऊलाच वाजतो. फक्त ती आता बाहेर जात नाही.